ढाणकीची मासोळी मुकुटबनला

मुकुटबन पाहायला म्हणून कोणी जात नाही. मीही गेलो नसतो. मी मासोळी दाखवायला गेलतो.

गावात अजून हसतात. जित्या मासोळीला यष्टीत बसवून नेणारा बुढा, असं माझं नाव पडलं आहे. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं दुसरं काही वाचावं.

ढाणकी

आमचं गाव ढाणकीच्या बाजूला. वावर काळं, भारी. कापसाची ती वाईट सालं चालू होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. माझी बायको पंचफुला म्हणाली, "कापसाले सारी जिंदगी पाहून घेतलं. आता पाण्याले पाहू." सरकारी योजनेतून वावराच्या खालच्या हद्दीला, धुऱ्याला, शेततळं खोदलं होतं. आषाढात तिनं त्यात रोहूचं बोटबोट बी सोडलं. रोज सकाळी टोपलीत कोंडा आणि ढेप घेऊन बांधावर बसायची, पाण्यात हात हलवायची अन् म्हणायची, "या व माय, या." लेकी आल्यासारखं बोलायची.

भादव्यात ती गेली. ताप आला, उमरखेडला नेईपर्यंत डोक्यात गेला, दवाखान्यात बोलली नाही. संपलं.

तेव्हा औषध पिऊन मेलेल्यांची नावं लिहीत गावात शहरातल्या गाड्या फिरत होत्या. एक चष्मेवाला माझ्या दारात आला, वही काढली, म्हणाला, "बाईंनी काय घेतलं होतं?" म्हटलं, "काही नाही घेतलं. तापानं गेली." त्यानं वही मिटली. तोंड असं केलं, जशी माझी बायको चुकीच्या रोगानं मेली. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

ती गेल्यावर घर गप्प झालं. वावर त्याहून गप्प. त्यात तुरीत रानडुकरं शिरायला लागली. मग मी खडखड्या केला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो: कूलरचा जुना पंखा खांबावर बसवायचा, वाऱ्यानं तो फिरतो, त्याला बांधलेले नटबोल्ट थाळीवर आपटतात. आमच्याकडे धुऱ्याधुऱ्याला असतात, पण लोक डब्याचा पत्रा लावतात. मी पंचफुलाची काशाची थाळी लावली. तिच्या माहेरची होती. त्या थाळीत जेवणारं आता कोणी नव्हतं आणि ती नुसती भिंतीला टेकवून ठेवलेली मला पाहवत नव्हती. आवाज असा, की घरापर्यंत ऐकू यायचा. बरं वाटायचं.

मासोळ्यांना मी तिच्याइतकंच टाकत होतो, जास्तच. पण त्या वाढेनात. फाल्गुन लागला तरी वीतभरसुद्धा नाही. डोकं मोठं, अंग चपटं, कुठं कुठं खवले गेलेले. दर बाजाराच्या दिवशी जाळं टाकून, हातात धरून पाहायचो. तेवढीच. पाणी बाटलीत भरून पोरानं यवतमाळला तपासून आणलं. पाणी चांगलं. बी जास्त सोडलं म्हणावं तर तेही नाही.

पोरगा, गौतम, लोहाऱ्याला कारखान्यात आहे, यवतमाळजवळ. तो म्हणायचा, "बाबा, तळं उपसा, वावर बटईनं द्या अन् इकडे या. एकटे काहून राह्यता?" भांडून भांडून आमचा सौदा झाला होता. वैशाख पौर्णिमेपर्यंत मासोळी वाढली तर मी गावात राहणार. नाही वाढली तर मासोळीही विकायची आणि बुढ्यानंही पेटी उचलायची. मी तोंडानं हो म्हटलं होतं. पण तिनं सोडलेल्या मासोळ्या तेवढ्याच्या तेवढ्या विकून मी त्या वावरातून जाणार कसा, ते मला कळत नव्हतं.

माझी साळी कमला मुकुटबनला दिलेली. पंचफुलाहून लहान. तिच्याकडे शेततळं आहे आणि मासोळ्या हातभर झाल्या, असा निरोप होता. म्हटलं, जाऊन दाखवू. बकरी बिमार पडली तर बकरीच न्यावी लागते, नुसतं वर्णन ऐकून डॉक्टर काय करेल? तेलाचा मोठा डबा घासला, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली, बाहेरून ओलं बारदान गुंडाळलं आणि तळ्यातली एक रोहू त्यात घातली. नाक्यावर पोचेपर्यंत मागं थाळी वाजत होती.

यष्टी

उमरखेडहून यवतमाळच्या गाडीत बसलो. कंडक्टरनं डब्याला पायानं टोकलं.

"बुढेबावा, काय हाय याच्यात?"

"पाहुणी हाय."

त्यानं झाकण उचललं, मासोळीनं शेपटी मारली, त्याचा शर्ट भिजला. सारी गाडी हसली.

"मासोळी? उतरा खाली. गाडीभर वास मारल."

"मेलेली मारते, बापू. जितीले वास नसते. तू डायवरले हळू चालवायले सांग, म्हणजे मरणारच नाही."

"मंग तिकीट काढा तिचं."

"मागच्या आषाढातली हाय. पाच वर्साखाली तिकीट लागते का?"

तो हसला नाही, पण पुढं गेला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वावरं उघडी पडली होती. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या, मधेच एखादा पळस लालभडक. गाडीतलं बोलणं कापसाचंच. मी ऐकत नव्हतो. मी घडीघडी झाकण उघडून पाहत होतो. उघडलं की ती आपटायची, हातानं पाणी ढवळलं की आणखी आपटायची. पाठ तिची काळपट असते, ती फिकी, राखेसारखी झाली होती. मला वाटलं, आर्णी येण्याआधी ही जाते.

शेजारच्या बाकड्यावर एक म्हातारी होती, तांड्यावरची. हातभर पांढरी कडी, अंगात आरसेवाली काचोळी. तिच्याबरोबरच्या बाया तिला याडी म्हणत होत्या, त्यांच्या बोलीत आई. बराच वेळ तिनं माझं चाललेलं पाहिलं. मग बोलली, "दादा, झाकण लाव."

"पाह्यतो ना जिती हाय का."

"तू पाह्यतंस म्हणून मरून राह्यली. अंधार कर. जनावर अंधारात ठंडं होते."

मी झाकण लावलं. थोड्या वेळानं डब्यातली आपटाआपट थांबली. मी घाबरलो, पुन्हा उघडायला गेलो. तिनं माझ्या हातावर चापट मारली. पंचफुलानंतर मला कोणी चापट मारली नव्हती.

मग तिला सारं सांगितलं, की खाते तरी वाढत नाही. याडी म्हणाली, त्यांचे वाडवडील बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे. रानात वाघानं एखादा बैल धरला की बाकीचे बैल वाचायचे, पण पुढं कितीतरी दिवस ते चरायचे आणि हाडं वर यायची. तिचा आजा सांगायचा, अशा बैलावर गोणी टाकायची नाही. "वाघ रानातून निंघून जाते, दादा. बैलाच्या पोटातून जात नाही. भेलेल्यानं खाल्लं, तं अंगी लागत नाही."

"माझ्या तळ्यात वाघ कुठून येईन?" मी म्हटलं.

"ते मले काय मालूम? तळं तुहं हाय."

आर्णीला ती उतरली. उतरताना डब्याकडे बोट करून साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "झाकण!"

लोहारा

गौतम स्टँडवर घ्यायला आला होता. डबा पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "बाबा, मासोळीले कोणी गावाले नेते का?"

"तुले नेत होतो तेव्हा तूही असाच ओला राह्यत होता," मी म्हटलं.

त्यांची खोली कारखान्यांच्या वसाहतीजवळ. दिवसभर कुठं ना कुठं यंत्र चालू. सून चांगली आहे, तिनं पाटोड्यांचा रस्सा केला, वरून तर्री. आमच्याकडे पाटोडी रश्श्यात मऊ होईपर्यंत शिजवतात. ही यवतमाळची सून रस्सा वेगळा आणि वड्या वेगळ्या ठेवते, ताटातच भिजवायच्या. मी दोन्ही पद्धतीनं खाल्लं, म्हणजे भांडण नको. पण खरं सांगायचं तर चार घासांनी पोट भरलं. तेव्हा माझं असंच चालायचं.

जेवणाआधीच मासोळीला मी मोठ्या बादलीत काढलं होतं आणि बादली ओट्यावर कोपऱ्याला ठेवली होती. ती तळाशी चिकटून बसली. गौतम वाकून पाहत होता आणि मला समजावत होता, की असल्या गोष्टीनं काही होत नसतं, बुढाप्यात जिद्द बरी नाही. तेवढ्यात सुनेनं चटणीसाठी मिक्सर लावला.

मासोळी बादलीतून वर उडाली. सरळ उडाली ती गौतमच्या छातीवर आपटली आणि फरशीवर तडफडायला लागली. सून ओट्याला पाठ लावून किंचाळली, गौतम दोन्ही हात वर करून उभा, जसं कोणी पिस्तूल लावलं. मी गुडघ्यावर बसून तिला ओल्या फडक्यानं धरलं आणि पाण्यात सोडलं. बराच वेळ ती कुशीवर तरंगली. मग सरळ झाली.

"करंट आला असन बादलीत," गौतम म्हणाला.

"करंट आला असता तं उडाली नसती, मेली असती," सून म्हणाली.

त्यावर आम्ही जेवणभर बोललो. इतकं समोर घडलं आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. सकाळी गौतमनं मला पांढरकवड्याच्या गाडीत बसवलं. डबा त्यानं स्वतः उचलून दिला. म्हणाला, "बाबा, वैशाखाचं ध्यानात हाय ना?"

"हाय ना."

"मी काई दुश्मन नाही तुमचा."

"ते बी ध्यानात हाय," मी म्हटलं. त्यानं झाकणावरचं बारदान ओलं केलं आणि मग गाडीतून उतरला.

मुकुटबन

पांढरकवड्याच्या पुढं मुलूख बदलतो. आमच्याकडे नजर जाईल तिथपर्यंत काळं रान. इकडे मधेमधे जंगल, दगड, उतरती टेकाडं. जीपमध्ये मराठीत तेलुगू मिसळून बोलतात, मधेच एखादा कोलामी बोलला की मला एक शब्द कळेना. मोहाच्या झाडांखाली सडा पडायला लागला होता. घराघरापुढं फुलं वाळत घातलेली, त्या वासानं उपाशी माणसाचंही डोकं जड व्हावं.

कमला दारात उभी होती. मी तिला सहा-सात महिन्यांनी पाहत होतो. चालायची ढब बहिणीची, पदर खोचायचीही तीच. मी डबा खाली ठेवून उगाच बारदान नीट करत राहिलो.

"भाऊजी, जयभीम. मासोळी आणली म्हणे? अन् मासोळीपेक्षा तं तुम्हीच वाळले."

"मी दाखवायले नाही आलो. तिले पाहा."

माझा साडू रामदास मोजकं बोलणारा माणूस. त्यानं मासोळी पाहिली, कल्ले उचलून पाहिले, गेलेले खवले पाहिले. "बिमार नाही दिसत," म्हणाला. तळ्यात एका कोपऱ्याला त्यानं मच्छरदाणीसारखं जाळ्याचं घर बांधलेलं होतं. त्यात तिला एकटीला सोडलं. तळ्यातलं थोडं थोडं पाणी डब्यात घालून, आधी तिला त्या पाण्याची सवय लावून, मग सोडलं. मी म्हटलं, "एवढे लाड?" तो म्हणाला, "नवरी घरात घेताना बी उंबऱ्यावर थांबवतात."

जेवायला भात. त्या बाजूला भाताचा जोर, आमच्यासारखी रोज भाकर नाही. बरोबर मासोळीचा आंबट रस्सा. कमला वाढताना म्हणाली, "भेऊ नका, तुमची पाहुणी नाही शिजवली."

सकाळी कमला खाणं टाकायला निघाली. मीही मागं गेलो. ती बांधावरून हळू चालली, ठरलेल्या दगडावर बसली आणि काही न बोलता कोंडा-ढेपेचे गोळे पाण्यात सोडले. थोड्याच वेळात पाण्याखाली सावल्या हलल्या. मोठ्या. तोंडं वर आली, चुळुक चुळुक आवाज. माझ्या मनगटाएवढ्या जाड एकेक. मला राहवलं नाही. "अरे व्वा!" म्हणून मी टाळी वाजवली आणि धबधब खाली उतरलो.

पाणी क्षणात रिकामं झालं. गोळे तसेच विरघळायला लागले.

"झालं," कमला म्हणाली. "आता आज नाही खाणार त्या. तुम्ही बाईच्या मागं बी असेच येत होते का?" पंचफुलाला ती बाई म्हणायची.

"मले तं ती बांधाच्या अलीकडेच थांबवत होती."

"शहाणी होती."

मग रामदासनं बसून मला विचारलं, तुम्ही तळ्यावर काय काय करता. दर बाजाराला जाळं टाकून हातात धरून पाहतो, ते मी सांगितलं. तो ऐकून घेत राहिला आणि म्हणाला, "साडूभाऊ, लेकराले आठोड्याले पाय धरून उलटं टांगलं, उंची मोजली अन् खाली सोडलं, तं ते लेकरू वाढन का? सारी ताकद पळण्यातच जाते. खाऊन बी काय उपेग? पोटात भेव असलं तं अन्नाले जागा राह्यत नाही."

मला यष्टीतली याडी आठवली. म्हटलं, "बरं, जाळं बंद. आणखी?"

"तळ्यापाशी मोटर? कुत्रे? काई वाजते का?"

"काई नाही. एकटा बुढा हाय, काय वाजणार?"

हे मी छातीवर हात ठेवून म्हटलं.

दुपारी पडलो, पण झोप येईना. मुकुटबनच्या त्या घरात काहीतरी कमी होतं. कोंबड्या होत्या, बायका बोलत होत्या, रस्त्यानं गाड्या जात होत्या, तरी काहीतरी कमी. लोहाऱ्यालाही मला असंच झालं होतं, मी म्हटलं परकी जागा असेल. ऊन उतरल्यावर कमलानं भाकर आणि आंबाडीची भाजी केली, खास माझ्यासाठी, ढाणकीसारखी. आणि ताट आणून दगडी फरशीवर ठेवलं.

ठण्ण झालं.

आवाज विरेपर्यंत मी ऐकत राहिलो. मग म्हटलं, "हा आवाज. हा कमी होता."

"कोणता?" रामदासनं विचारलं.

"ह्याच थाळीचा. आमच्या वावरात दिवसभर वाजते."

कमलानं ती थाळी माझ्यापुढून ओढली आणि उलटी करून पाहिली. "ही कशी वाजन तुमच्या वावरात? आईनं दोघींले जोडी दिलती. एक बाईले, एक मले." मग तिच्या ध्यानात आलं. "भाऊजी. तुम्ही बाईची थाळी खडखड्याले लावली?"

"डुकरं येतात."

"पत्रा नव्हता गावात?"

उत्तर होतं, पण ते साळीला सांगण्यासारखं नव्हतं.

रामदास वेगळ्याच गोष्टीवर अडकला होता. "साडूभाऊ, खांब कुठं रोवला हाय?"

"तळ्याच्या बांधाले. जागा भुसभुशीत होती, म्हणून खाली पाण्यात घेतला. एकदम घट्ट बसला."

त्यानं तोंडावर हात ठेवला. "अन् मले म्हणता काई वाजत नाही."

खरं सांगतो, मी खोटं बोललो नव्हतो. तो आवाज मला आवाज वाटतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामदासनं मला दाखवलं. मासोळ्या खायला वर आल्या. तो लांब उभा राहिला, पाण्यात रोवलेल्या बांबूला थाळी लावली आणि खिळ्यानं एकदा, हळू, टिचकी मारल्यासारखं वाजवलं. मला वर जेमतेम ऐकू आलं. खाली साऱ्या तळ्यात जशी वीज फिरली. एकही तोंड वर राहिलं नाही.

"माह्या मासोळ्यांले कायले भेववता रे दोघं!" कमला ओरडली. "एक बुढा काल टाळ्या वाजवते, दुसरा आज थाळी!"

मी त्या दगडावर बसलो. पंचफुलाच्या मासोळ्या. वारा सुटला की दिवस नाही, रात्र नाही, ठणठण ठणठण, आणि पळायला जागा नाही, कारण तळं तेवढंच. वाघ निघून तरी जातो. मी तर तो खांबाला बांधून ठेवला होता, आणि वरून रोज कोंडा टाकून विचारत होतो की काहून वाढत नाही. पण खोटं कशाला लिहू, त्या वेळी दुःखाआधी मला हलकं वाटलं. पाणी वाईट नव्हतं. बी वाईट नव्हतं. तिनं काही चुकीचं सोडलं नव्हतं. नुसता एक खांब उपटायचा होता.

माझ्या पाहुणीनं तिसऱ्या सकाळी खाल्लं. जाळ्याच्या घरात कमलानं लहानसा गोळा सोडला, ती आधी लांबून फिरली, मग आली, तोंड लावलं, पळाली, पुन्हा आली. पाठीवरचा काळपटपणा परत आला होता. कमला हळूच म्हणाली, "या व माय, या."

तिला कोणी शिकवलं होतं, ते मी विचारलं नाही.

जायच्या दिवशी मी म्हटलं, "खडखड्या काढला, तं डुकरांचं काय करू?"

"लुगडे बांधा ना धुऱ्यानं. इकडे सारेच बांधतात. डुक्कर रंगाले भेते, अन् लुगडं काई वाजत नाही. बाईचे हायेत का?"

"पेटीत हायेत."

"पेटीत कोणाच्या लग्नाले ठेवले?"

माझा पारा चढला. म्हटलं, "कमला, तोंड सांभाळ." तिनं तोंड सांभाळलं नाही. म्हणाली, "थाळी वाऱ्यावर टांगाले हात उचलला, अन् लुगड्याले हात लागत नाही? भाऊजी, तिचं वावर व्हतं ते. तिले राखू द्या ना."

मासोळी मी परत नेली नाही. पुन्हा डबा, पुन्हा जीप, पुन्हा यष्टी, एवढा जीव घाबरवून न्यायची काय गरज? तिला पंचफुलाच्या बहिणीकडेच ठेवलं. रिकामा डबा घेऊन निघालो. त्यात कमलानं वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. भाकरीला मासोळीचा थोडा वास लागला होता. सारी खाल्ली.

परत ढाणकी

येताना लोहाऱ्याला उतरलो नाही. उतरलो असतो तर बोललो असतो, आणि बोलून मला काही सिद्ध करायचं नव्हतं.

वावरात पोचलो तेव्हा वारा होता. लांबूनच ठणठण ऐकू आली. मी नाक्यावर थोडा थांबलो आणि ऐकून घेतली. मग जाऊन आधी पंखा बांधला. थाळी सोडली. नटबोल्टांनी तिच्या मधोमध खळगे पडले होते. खांब हळू हळू हलवून काढला, पाणी डचमळू दिलं नाही.

त्यानंतर जे गप्प झालं, ते मला जड गेलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरी झालं आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी नाही झालं त्यांना लिहून कळणार नाही. बांधाच्या अलीकडे बसून राहिलो. बऱ्याच वेळानं दुसरे आवाज यायला लागले. व्हल्या पाखराचा घुमण्याचा. पऱ्हाटीच्या ढिगात सरड्याचा. ते आधीही असतीलच.

सकाळी पेटी उघडली. हिरवं लुगडं, जांभळं, पिवळ्या काठाचं, एक नवंच, घडी न मोडलेलं. ते नवं ठेवलं. बाकीची धुऱ्याच्या काठ्यांना बांधत गेलो, एकाचा पदर दुसऱ्याला गाठ मारत. वाटेनं जाणारा शेजारी थांबला, म्हणाला, "काकाजी, लगन हाय का वावरात?" म्हटलं, "हो. तू डुकरासोबत ये." डुकरं आली नाहीत. शेजारीही आला नाही.

पहिले काही दिवस मासोळ्या वर आल्या नाहीत. मी जाळं टाकलं नाही. हात शिवशिवत होते, पण टाकलं नाही. गोळे सोडायचे आणि मागं येऊन बसायचं. कमलाचा फोन यायचा शेजाऱ्याकडे, "खाल्लं का?" मला कळायचं नाही ती मासोळीला विचारते की मला. मी दोघांचंही "नाही" सांगायचो. मग एका सकाळी पाण्यावर एक बुडबुडा आला, मग एक तोंड. मग कितीतरी. मी टाळी वाजवली नाही. मांडीखाली दोन्ही हात दाबून बसलो.

त्या दिवशी घरी येऊन तिची खळगे पडलेली थाळी घासली आणि तिच्यात जेवलो. भाजीचा रस खळग्यांत साचायचा, तो बोटानं पुसून घ्यावा लागायचा. भाकर कमी पडली, पुन्हा चूल पेटवली.

वैशाख पौर्णिमेच्या आधीच गौतम आला. सौद्याचा बापडा पक्का. पेटी बांधायला म्हणून दोरीसुद्धा घेऊन आला होता. मी घरी नव्हतो, म्हणून सरळ वावरात. धुऱ्यावर आला, आईची लुगडी पाहिली आणि तिथंच उभा राहिला. जांभळ्या लुगड्याचं टोक त्यानं हातात धरलं. मग मी तळ्यावर दिसलो तसा तिथूनच ओरडत, बांधावर धपधप पाय आपटत यायला लागला, "बाबा! बाबा, काय केलं हे? बाबा..."

मी मागं न वळता हात वर केला.

"हळू बोल," म्हटलं. "त्या जेवून राह्यल्या."